वाणाच्या कपबश्या

सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला नाव कुणी विचारलं नाही. मांडीवर सूप घेऊन दारादारांत विड्या वळत बसलेल्या बायकांनी मान वर न करता एवढंच विचारलं, "तुमी कुनाच्या?" मी म्हटलं, कुणाच्याच नाही. त्या एकमेकींकडं बघून हसल्या. कुणाचंच नसलेलं माणूस गल्लीत मतदानाबद्दल बोलायला कशाला येईल, असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

आमची संस्था लहान. भाड्याची एक खोली, दोन टेबलं आणि सतत बिघडणारा पंखा. मुंबईतला एक न्यास आम्हाला या कामासाठी निधी द्यायचा. ज्यांची नावं मतदार यादीत नाहीत त्यांची घालायची, घर बदललेल्यांचे पत्ते दुरुस्त करून घ्यायचे आणि मतदानाच्या दिवशी माणूस केंद्रापर्यंत जाईल एवढा धीर त्याला द्यायचा, असं ते काम होतं. मत कुणाला द्या हे सांगायचं नाही. सांगणं लांबच, कुणी विचारलं तर तोंडावरची रेषही हलू द्यायची नाही. करारात हेच कलम सगळ्यांत वर होतं, आणि ते मोडलं तर निधी बंद. न्यासाचे अधिकारी फोनवर 'नॉन-पार्टिझन' म्हणायचे. पत्रकासाठी मी त्याचं 'निःपक्ष' केलं आणि स्वतःवरच खूश झाले. गल्लीत तो शब्द कुणाच्या तोंडात बसेना. मग मी सोपं करून सांगायला लागले, "आम्ही कुठल्याच पक्षाच्या नाही."

गल्लीत आम्हाला पहिल्यांदा बसायला पाट दिला तो अक्कांनी. नवरा यंत्रमागावर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर जातो. अक्का विड्या वळतात आणि घरात तेलुगू, बाहेर मराठी बोलतात. त्यांच्या दारातच आमचं पुठ्ठ्याचं मतदान यंत्र मांडलं जायचं. महापालिकेला एका प्रभागात चार जागा, म्हणजे चार बटणं दाबायची. बायका एक दाबून मोकळ्या होतात आणि मागं केंद्रावरची माणसं ओरडत बसतात. म्हणून हा सराव. खऱ्या चिन्हांची भीती नको म्हणून मी यंत्रावर वांगं, भेंडी, मिरची आणि गवार काढली होती. एका आजींनी काळजीनं विचारलं होतं, "वांगं कुनाचं हो?"

मी मराठीत सांगायचे आणि अक्का ते तेलुगूत करून सांगायच्या. मला तेलुगू येत नाही, पण मधूनमधून एक शब्द ओळखीचा ऐकू यायचा. 'अपक्ष.' माझ्याकडं बोट करून अक्का म्हणायच्या, अपक्ष. बायका माना डोलवायच्या. मीही डोलवायचे. कुठल्याच पक्षाच्या नाहीत म्हणजे अपक्ष, हा हिशेब इतका सरळ होता की तो मला कधी खटकलाच नाही. कुणी नव्यानं विचारलं, तुमी कुनाच्या, की आता पोरंसुद्धा लांबून ओरडायची, "अपक्षाच्या!" मला वाटायचं, चला, रुजलं.

कपबश्यांचं खूळ मात्र माझं एकटीचं. एकदा बोलता बोलता अक्का म्हणाल्या होत्या, नवरा गेल्यापासून त्यांना संक्रांतीत हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही. सहज म्हणाल्या, तक्रार म्हणून नाही. राग मला आला. मी मुळातच तापट आहे, आणि असल्या गोष्टींवर जरा जास्तच. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की यंदा आपण तिळगुळाचा कार्यक्रम करू. कुंकवाचं बंधन नाही, शेजारच्या बोळातल्या मुसलमान बायकाही येतील, आणि वाण अक्का देतील, स्वतःच्या हातानं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला बाजारात नेलं आणि दुकानदाराशी अर्धा तास घालून पांढऱ्या, निळ्या काठाच्या कपबश्या पसंत केल्या. दिवाळीचे दिवस होते, भाव बरा मिळाला. आमच्या खोलीत जागा नव्हती म्हणून खोकी अक्कांच्या घरी, माळ्यावर गेली. पुढं महापालिकेची निवडणूक लागली. मतदान नेमकं संक्रांतीला येऊन भिडलं. आचारसंहितेत काही वाटायचं नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून कार्यक्रम निकालानंतर, रथसप्तमीच्या आत करायचा असं ठरवलं. मी निश्चिंत होते.

चिन्हं वाटली त्या दिवशी सकाळी मी पेठेत भाजी घेत होते. एक रिक्षा भोंगा लावून गेली. प्रभागातली अपक्ष उमेदवार, विडी कामगाराची लेक, तुमच्या आमच्या घरातली, असं काय काय झालं आणि मग आलं, "निशाणी कपबशी! कपबशी! कपबशी!"

माळ्यावरची खोकी माझ्या डोळ्यांपुढं आली. भाजीवाली सुटे पैसे पुढं करून उभी होती आणि मला हात पुढं करायचं सुचेना.

अक्कांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ऐकलं मी. खोकी हलवू का रात्रीला?" मी म्हटलं, हात लावू नका. अपक्ष उमेदवाराच्या प्रभागातून अंधारात कपबश्यांची खोकी बाहेर पडताना कुणी बघितलं असतं तर ब्रह्मदेवानंही आम्हाला सोडवलं नसतं. ठरवलं की आपण होऊन निवडणूक कार्यालयात जायचं आणि सगळं सांगून मोकळं व्हायचं. त्याआधी न्यासाच्या अधिकाऱ्यांना कळवावं म्हणून फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, त्या बाई आपल्या पगारी कर्मचारी नाहीत ना? मग वस्तू त्यांच्या घरातल्या आहेत. आपण त्यात नको."

मी उत्तर देणार तोच मध्ये अक्कांच्या मुलाचा फोन येऊ लागला. भरारी पथक दारात आलं होतं.

गाडी कशी चालवली आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी पथकाची जीप, कॅमेरा घेतलेला माणूस आणि घरांतून बाहेर आलेली सगळी गल्ली. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात अर्धी वळलेली विडी तशीच. खोकी अंगणात उतरवलेली, एक फोडलेलं. निळ्या काठाच्या कपबश्या उन्हात इतक्या स्वच्छ दिसत होत्या की मला त्यांच्याकडं बघवेना.

ज्या कार्यकर्त्यानं तक्रार केली होती तो तिथंच होता, दुसऱ्या एका उमेदवाराचा माणूस. ओरडत नव्हता. उलट फार समजुतीनं बोलत होता. "साहेब, मी म्हणतोय म्हणून नगा धरू. गल्लीला इचारा की. ह्या बाया कुनाच्या हायत ते शेंबडं पोरगंबी सांगंल."

पथकाचे साहेब माणूस सरळ होते. त्यांनी खरंच विचारलं. आणि वांग्याची काळजी करणाऱ्या त्याच आजी, ज्यांचं नाव यादीत घालायला मी किती खेटे घातले होते, आमची बाजू घ्यायला म्हणून लगबगीनं पुढं आल्या. "व्हय की साहेब. लई चांगल्या हायत. अपक्षाच्या हायत. पयल्यापासनं सांगत्यात."

मला तेव्हा कळलं. इतके दिवस ज्याला मी मान डोलावत होते ते काय होतं, ते तिथं, त्या अंगणात कळलं. मी पुढं होऊन सांगायला लागले, आजींना म्हणायचं आहे की आम्ही निःपक्ष, म्हणजे पक्ष नसलेल्या, आणि तो कार्यकर्ता हसला. "म्हंजी अपक्षच की ताई."

साहेबांनी अक्कांना विचारलं, "या कपबश्या कुणाच्या?"

अक्कांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. "माज्या."

"एवढ्या?"

"लेकाच्या लग्नाला घेतल्यात."

मुलगा शेजारीच उभा होता. त्याचं लग्न कधीच होऊन गेलं होतं, गल्लीनं जेवण खाल्लं होतं. कॅमेरा चालू होता. साहेबांनी बरोबरच्या माणसाला अक्कांचं पूर्ण नाव लिहायला सांगितलं आणि आता प्रकरण पोलिसांत द्यावं लागेल म्हणाले. अक्कांच्या हातातल्या विडीतली तंबाखू पायावर सांडत होती. त्यांना कशाची भीती होती ते मला माहीत होतं. पोलिसांत नाव गेलं की निराधार पेन्शन बंद होते असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. माझ्या पिशवीत फोन वाजत होता, न्यासाचाच असणार. एवढंच करायचं होतं की मी गप्प राहायचं. कलम शाबूत राहिलं असतं, निधी राहिला असता आणि पुढच्या वर्षी आम्ही नव्या गल्लीत नव्या बायकांना धीर दिला असता.

"खोटं बोलताहेत त्या," मी म्हणाले. आवाज माझ्या मनात नव्हता इतका चढला. "माझ्यामुळं बोलताहेत. कपबश्या आमच्या संस्थेच्या आहेत. त्यांचं नाव खोडा आणि माझं घाला."

मग पंचनामा झाला, सही झाली. दिवाळीतलं बिल मी दाखवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तुमचं खरं असेल, पण आज हे मला ठरवता येणार नाही." खोकी जीपमध्ये गेली. मतदान होईपर्यंत मी प्रभागात पाऊल ठेवायचं नाही असं बजावण्यात आलं. संध्याकाळी न्यासाची मेल आली. चौकशी पूर्ण होईपर्यंत निधी थांबवत आहोत, गैरसमज नसावा. मी फोन उशीवर फेकला आणि घरातल्यांवर कारण नसताना खेकसले.

मतदानाच्या दिवशी मी घरात अक्षरशः येरझाऱ्या घातल्या. इतक्या सरावानंतर बायका बाहेर पडतात की नाही हे बघायला मी तिथं नव्हते. पंचनाम्याच्या धसक्यानं गल्ली दारं लावून बसेल, हीच भीती सारखी वाटत होती. दुपारी अक्कांच्या मुलानं फोटो पाठवला. केंद्राबाहेरची रांग, बायकांची, आणि पुढं अक्का, शाई लावलेलं बोट वर करून. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

कपबशी पडली. निकालानंतर काही दिवसांनी मला कार्यालयात बोलावलं, माझं म्हणणं लिहून घेतलं, बिल तपासलं आणि खोकी परत दिली. अक्कांचं नाव कुठंच आलं नाही. न्यासाचं अजून काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे, रथसप्तमी अजून गेली नाही.

कार्यक्रम अक्कांच्या दारातच झाला. शेजारच्या बोळातल्या बायका आल्या, आजी आल्या. अक्कांनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. एकेकीला तिळगूळ देऊन त्या कपबशी हातात ठेवत होत्या. घाई नाही, बोलणं नाही, प्रत्येकीच्या चेहऱ्याकडं नीट बघून. सगळ्या गेल्यावर त्यांनी शेवटची माझ्यासमोर धरली.

"एक सांगू का ताई?"

"सांगा की."

"मी कपबशीला न्हाय दिलं."

मी घाईनं म्हटलं, अक्का, हे सांगायचं नसतं, मलाही नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"द्यायचं हुतं. पोरगी आपल्यातली. तिची आय अन् मी एकाच कारखान्यात विड्या द्यायला जात हुतो. तीन बटनं दाबली, अन् तिच्या बटनावर बोट ठिवलं बगा. मंग तुमी आटवला. म्हटलं, सगळी म्हनत्यात ह्या कपबशीच्या. माजं मत तिला गेलं तर ते खरं हुईल की. म्हून दुसरं दाबलं."

"अहो, पण कुणाला कळणार होतं अक्का?"

"मला कळलं असतं की."

आपल्या मनानं एक बटण दाबता यावं, एवढ्याचसाठी मी दोन वर्षं त्यांच्या दारात बसत होते, आणि ते एक बटण त्यांनी माझ्यासाठी सोडून दिलं होतं. मला लाज वाटली, आणि रागही आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. कपबशी हातात तशीच धरून मी उभी राहिले.

अक्कांनीच मग माझ्या पाठीवर थाप मारली. "असू द्या. फुडल्या बारीला माजं मी देते. तुमी फकस्त वानाला दुसरं कायतरी आना." थोडा विचार करून म्हणाल्या, "चाळनी आना च्याची. चाळनी न्हाय न्हवं कुनाची निशानी?"

"बघून सांगते," मी म्हणाले.