मापवहीतली पूड

टेलर मास्तरांच्या दुकानात माप घेतलं की ते वहीत उतरलंच पाहिजे, हा दंडक होता. चाळीस वर्षांत त्यांनी तोंडी मापावर कात्री चालवली नव्हती. त्यामुळे बायकोच्या चहात पूड टाकायला लागले, त्या दिवशीही हाताने आपसूक वही उघडली आणि तिच्या मापांखाली तारीख घालून लिहिलं: पूड, अर्धा चमचा, सकाळी. बायकोला मात्र पत्ता नव्हता. चहा कडू लागला, तर पत्ती बदलली असेल म्हणून तिने सोडून दिलं.

पूड दिली होती एका गिऱ्हाइकाने. झाडपाल्याची आहे, अपाय कसला, असं छातीठोकपणे सांगून. कॅन्सरवरच्या केमोने बायकोची पार रया गेली होती. तिचे कपडे मास्तरांना पुन्हा पुन्हा आत घ्यावे लागत होते, म्हणून ते भुलले.

चौथ्या डोसाआधी रक्त तपासलं, तर यकृताचे आकडे चढलेले. डॉक्टरांनी डोस थांबवला. आजार यकृतात पोचला की काय, हे बघायला स्कॅन लिहून दिला.

त्याच इस्पितळात आहार, मालिश, श्वसनाचे व्यायाम बघणाऱ्या निसर्गोपचाराच्या बाई होत्या. डॉक्टरांनी दोघांना तिकडे पाठवलं. बाईंनी विचारलं, आमच्या औषधांशिवाय पोटात काय जातंय? बायको म्हणाली, काहीच नाही. मास्तर दुकानातून थेट आले होते. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"मीच देतोय. हिला न सांगता. एकोणीस दिवस झाले."

बाईंनी तारखा रिपोर्टांशी ताडल्या. पुडीआधी आकडे ठाकठीक होते. झाडपालाही यकृताला जड जाऊ शकतो, औषधाशी भांडू शकतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि पूड बंद केली. मळमळीवर आल्याचा तुकडा, पायांना मालिश, रोज थोडं चालणं, तेही डॉक्टरांना कळवून. त्या ओरडल्या नाहीत, हेच मास्तरांना जास्त लागलं. बायको तर तीन दिवस स्वतःचा चहा स्वतःच करून प्यायली.

स्कॅन स्वच्छ निघाला. दोन आठवड्यांनी आकडेही उतरले. डोस सुरू झाल्यावर मास्तर इस्पितळाच्या जिन्यात बसून मनसोक्त रडले, मग तोंड धुऊन वर गेले.

घरी आल्यावर बायकोने वही मागवली, पुडीची ओळ खोडली आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"लिहा. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही."

"कुठल्या गिऱ्हाइकाला?"

"मला."

मास्तरांनी शब्दन्‌शब्द उतरवून घेतला.