गॅरेजची नवी भुई

आमच्या दादाचे कान असे, की तिकडं किन्हीराजात एखाद्याची पाण्याची मोटर कण्हली तर हा इकडं अनसिंगात जेवता जेवता घास थांबवून सांगायचा, "बेरिंग गेलं त्याचं. उद्या आणते पाय." आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आत तो माणूस फटफटीवर मोटर बांधून दारात हजर. हे मी शंभरदा सांगितलं आहे आणि दर वेळी गाव थोडं लांब सरकलं आहे. सुरुवातीला मी बाजूच्याच वावराचं नाव घेत होतो. पण दारात आलेली मोटर मी माझ्या हातानं उतरवून घेतली आहे, एवढं खरं.

आमचं दोघा भावांचं दुकान म्हणजे घराला लागून असलेलं गॅरेज. बांधलं होतं जीपसाठी. जीप विकली आणि तिच्या जागी शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरा येऊन बसल्या. त्या उघडायच्या, जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची. वीस वर्षं हेच. भुई म्हणाल तर साधा सिमेंटचा कोबा, आणि त्यात खड्डे इतके की चंद्रावरून कोणी आला असता तर त्याला घरी आल्यासारखं वाटलं असतं. दारापासून कामाच्या टेबलापर्यंत एक लांब तडा. लोखंड पकडायच्या वाइसजवळ मोटर पडून झालेला ताटलीएवढा खड्डा. कोपऱ्यात वार्निश सांडून सांडून तयार झालेलं एक टेकाड.

दिवाळी झाल्यावर दादा म्हणाला, "लहान्या, आता दुकान तूच पाय. मले धड दिसत नाही."

अकोल्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळायची. किती उरली आहे हे दादानं कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणे, "अंधुक हाय जरा." आणि मी ते धरून बसलो. अंधुक ना? मग उजेड करू! दादा दुकानातून उठला तर मागं उरणार मी, आणि माझं खरं कसब तोंडात आहे. मोटर काही गप्पांवर फिरत नाही. शिवाय दुकान नसलेला दादा कसा असेल, हे माझ्या डोळ्यांपुढं यायलाच तयार नव्हतं. त्याला तिथंच ठेवायचं, एवढं एक मी मनाशी घेतलं.

भिंती पांढऱ्या केल्या. आठ ट्यूबलाइट लावल्या. पहिल्यांदा बटन दाबलं तेव्हा शेजारचा कोंबडा भर दुपारी आरवला. राहिली भुई. मला ती अशी पाहिजे होती, की राईएवढा स्क्रू पडला तरी दादाला उभ्या जागेवरून दिसावा.

वाशीमचा रंगवाला दुकानदार आधी म्हणाला, "टाइल बसवा ना."

"अन् मोटर पडली मंग?"

"मंग शहाबादी."

"ते तं काळी. स्क्रू पडला की गेला पाताळात."

तेव्हा त्यानं मागून दोन डबे काढले. इपॉक्सी. एकात रंग, दुसऱ्यात त्याला कडक करणारं औषध. "मिसळले की अर्ध्या घंट्यात मारून मोकळं व्हा, नाही तं बादलीतच गोटा होते. वरून बारीक रेती टाकून देऊ काय? पायाले पकड राह्यते."

"रेती कायले? आरसा पाहिजे मले, आरसा!"

"लगन हाय काय गॅरेजात?"

"त्याहून मोठं हाय."

रंगांचं कार्ड घेऊन आलो आणि बाजेवर बसलेल्या दादाच्या हातात दिलं. "तूच पसंत कर." दादानं कार्डावर अंगठा फिरवला, सावकाश, आणि एका जागी थांबवला. "हा."

अंगठा कार्डाच्या कोऱ्या काठावर होता. तिथं रंगच नव्हता.

मी खो खो हसलो. "माही फिरकी घेतं काय दादा?" तोही हसला. म्हणाला, "तुले आवडन तो मार." वैनी बाजूला तूर निवडत होती, ती हसली नाही. हे मी पाहिलं आणि तसंच सोडून दिलं.

दोघांना पंधरा दिवस केनवडला, वैनीच्या माहेरी, धाडून दिलं. दादाला मी भुई दाखवणार होतो ती तयार झालेलीच. मशीन आणून कोबा घासला. धूळ अशी उडाली की अर्धं अनसिंग चार दिवस पिकल्या केसांचं होतं. मग खड्डे बुजवले. एकूण एक, गुडघ्यावर बसून, बोटानं चाचपून चाचपून. तडा भरला. वार्निशचं टेकाड छिन्नीनं उडवलं. रात्रभर प्लॅस्टिक चिकटवून खालून ओल येते का ते पाहिलं, मग डबे मिसळले आणि मागच्या भिंतीपासून रोलर फिरवत, घामाघूम होत, दाराकडं मागं मागं सरत आलो. आठवडाभर कोणाला पाय टाकू दिला नाही. फिकट राखाडी भुई, तळहातासारखी सपाट. आठही ट्यूबलाइट वर एकदा आणि खाली एकदा.

ते आले. दादानं उंबऱ्यावर चपला काढल्या आणि आत आला. मी मागं उभा, तोंडात शाबासकी झेलायच्या तयारीनं.

दोन पावलं टाकून तो थांबला. उजवा पाय पुढं सरकवला, मग डावीकडं, मग परत उजवीकडं. टाच उचलून पुन्हा टेकवली. बराच वेळ. मला वाटलं, गुळगुळीतपणाचं कौतुक चाललं आहे.

"लहान्या," तो म्हणाला, "वाइस कुठी नेला?"

वाइस जागेवरच होता. चार हातांवर, त्याच्या नाकासमोर, आठ ट्यूबलाइटच्या उजेडात.

दारातून वैनी म्हणाली, "सांगत काहून नाही तुमी त्याले? दोन वर्सं झाले, मलेही तोंड उघडू देत नाही."

दादा तिथंच खाली बसला. हात भुईवर फिरवत बोलला, "दारातून तडा धरायचा. तडा सुटला की टेबल. खड्डा लागला की वाइस. कोपऱ्यात चिकट लागलं की मांग फिरायचं. पायच पाहून राह्यले होते बापा. मले वाटे, इतकं तं चालते अजून."

मला तेव्हा समजलं की दोन वर्षं रंग पाहून तारा जोडायचं काम तो माझ्याकडं का ढकलत होता. "शीक जरा," म्हणायचा. मी गावभर सांगत होतो की दादा आता आळशी झाला.

मी छिन्नी-हातोडा घेतला. वैनी म्हणे राहू द्या, मी ऐकलं नाही. वाइससमोर, जिथं होता तिथंच, खड्डा पाडला. दारापासून टेबलापर्यंत चर मारला. रंगाचे कपचे तोंडावर उडत होते. सगळं झाल्यावर दादाला हाताला धरून दारात उभं केलं.

तो चालला. चर पायाखाली आला तसा जरा वेगानं चालला, आणि माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्याची मांडी टेबलाच्या कोपऱ्यावर आदळली. परत आला. परत चालला. खड्ड्यात पाय ठेवून अंगठ्यानं कडा चाचपली.

"इथं नव्हता."

"इथंच होता दादा. मोजला ना म्या."

"तुह्या डोळ्यानं मोजला." मग म्हणाला, "बस कर आता. चांगली झाली होती, कायले फोडून राह्यला?"

त्यानं भिंत धरली आणि भिंतीभिंतीनं बाहेर गेला. माझा हात त्यानं घेतला नाही.

चौथ्या दिवशी एक जण मोटर घेऊन आला. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, घाईत होता. भुई पाहून म्हणाला, "हे काय, रानडुक्कर शिरले काय दुकानात?" मग इकडं तिकडं पाहून, "दादा कुठी हाय? मोटर त्यायलेच दाखवाची हाय."

दादा पत्र्याच्या भिंतीपलीकडं बाजेवर बसला होता. त्या पत्र्यातून पाल चुकचुकलेलीही ऐकू येते.

"केनवडले गेला," मी म्हणालो. "तिथं लय मोटरा जळाल्या म्हणे. सोडूनच नाही राह्यले त्याले लोकं. येते दोन-चार दिवसात."

"मंग दादा आल्यावरच खोलजो," तो म्हणाला आणि मोटर ठेवून गेला.

पलीकडं बाज एकदा करकरली.