काकू बसल्या की चालणारी गाडी

माझ्या आईबापानं छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात घरातला देव्हारा उतरवला. ज्या घरात देवालाच जागा नाही, तिथं भूत कुठून येणार? करणी, बाहेरची बाधा, लिंबू-मिरची... गॅरेजात कोणी असलं काही बोललं, की मी पाना हातात घेऊनच उत्तर द्यायचो. आजही देतो. पण एका गाडीपुढं माझी बोलती बंद झाली, ती हकीकत लिहितोय.

आणीबाणी उठल्यानंतरचा उन्हाळा. माझं गॅरेज नागपुरातल्या इंदोऱ्यात होतं. गाडी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची — काळी, विलायती, डॉक्टर वारल्यापासून शेडमध्ये पडून. या माणसाला मी कधी विसरणार नाही. माझी बायको बाळंतपणात अडली होती तेव्हा गुडघाभर चिखलातून हीच गाडी आमच्या गल्लीत घालून ते आले होते.

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणायचो. नवरा गेल्यापासून काकू फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. दूध दारावर, भाजी दारावर, बस्स. डॉक्टरांची पुतणी शीला नुकतीच डॉक्टर होऊन नागपूरबाहेरच्या कुहीला दवाखाना टाकून बसली होती आणि खेड्यांवर जायला तिच्याजवळ धड सायकलही नव्हती. काकूंनी मला बोलावलं.

"गाडी शीलाले द्यायची हाये गा," त्या म्हणाल्या. काकू मूळच्या कुहीकडच्याच, बोलणं अस्सल गावचं. "पण चांगली करून दे. कोणाच्या घरी बाई अडली असन आन् हे रस्त्यात बंद पडली, तर काय कामाची?"

मी म्हटलं, आठवड्यात देतो. मोठा शहाणा!

टाकीतलं पेट्रोल डिंकासारखं झालं होतं. टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं, ते सगळं नवं टाकलं. प्लग नवे, पॉइंट नवे, कॉइल नवी. इंजिन सुरू झालं... पण कसं? थंडी भरलेल्या माणसासारखं थरथरत. मध्येच झटका, मध्येच फट्ट, आणि जरा चढ आला की बंद. अशा वेळी आम्ही चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर काढून बघतो. जिची काढून काही फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. इथं सकाळी एक मेलेला निघायचा, दुपारी दुसराच! कॉम्प्रेशन मात्र चारहींचं उत्तम. मी त्या गाडीला इतक्या शिव्या घातल्या, की शेजारचा पानवाला कानावर हात ठेवायचा.

शेवटी हरलो आणि खरं काय ते सांगायला गाडी धक्के खात काकूंच्या दारात नेली. शीला तिथंच होती. काकू आवाज ऐकायला बाहेर आल्या. गुडघे दुखतात म्हणून दार उघडून पुढं डावीकडच्या सीटवर टेकल्या — आणि थरथर एकदम गप्प, इंजिन सुरळीत. अगदी लोण्यासारखं.

मी खूश! म्हटलं, वजन पडलं की कुठली तरी ढिली वायर चिकटते, सापडला रोग. काकू उतरल्या, थरथर पुन्हा सुरू. मी शीलाला तिथं बसवलं. थरथर तशीच. मी स्वतः बसलो. तशीच. शीलानं कुहीहून आणलेलं तांदळाचं पोतं उचलून सीटवर ठेवलं... तशीच! मग मी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि शीलाला म्हटलं, मला न सांगता काकूंना बसव, उठव. नुसत्या आवाजावरून मी ओरडायचो — बसल्या! उठल्या! एकदाही चुकलो नाही. मे महिन्यातल्या नागपुरात माझ्या अंगावर काटा आला.

काकू खालमानेनं म्हणाल्या, "ह्यांची खोडच होती ते. मी बसल्याबिगर गिअर टाकत नव्हते. पेशंट पाहाले जातानी बी मले संगं. म्हणे, तू बोलत राहतं त मले झोप येत नाही."

मग त्या बॉनेटजवळ गेल्या. माझी लाज न धरता त्यावर हात ठेवला.

"अहो... काहून असं करून राहिले? पोरीले जाऊ द्या ना."

इंजिन थरथरतच होतं. काकू रडायला लागल्या. मलाही राहवेना, मी उगीचच पाने पुसत बसलो. बऱ्याच वेळानं त्या आत गेल्या आणि पिशवीत दोन लुगडी कोंबून बाहेर आल्या.

"चाल वं शीला. तुह्या काकाले ऐकाचंच नाही, त मलेच यावं लागन."

आणि खरंच गेल्या! फाटकाबाहेर न पडणारी बाई कुहीला राहिली, शीलाच्या शेजारी बसून गावोगाव फिरली, अडलेल्या बायांचे हात धरून बसली. काकू चांगल्या गुटगुटीत झाल्या होत्या. सर्व्हिसिंगला गाडी आली, की मी दर वेळी त्या सीटखाली शोधायचो. एकदा तर सीटच बदलली. काकू नसल्या की थरथर, बसल्या की लोणी.

पुढं काही वर्षांनी, ऐन पौषात, काकू कुहीलाच झोपेत गेल्या. मी मातीला गेलो होतो. संध्याकाळी सगळे घरी येऊन टेकतो न टेकतो, तोच दूरच्या गावाहून निरोप आला — पहिलटकरीण, मूल आडवं. शीलानं डोळे पुसले आणि बैलबंडी जुंपायला सांगितली, कारण गाडी आता चालणार नाही हे घरादाराला माहीत. मी म्हटलं, बंडीनं पोरगी मरेल. झटके खात का होईना, गाडीच नेऊ, मी येतो संगं.

शीलानं चावी फिरवली. मी डावीकडचं दार उघडायला हात घातला... आणि तसाच थांबलो. इंजिन लोण्यासारखं चालत होतं. सीट रिकामी होती.

मी ते दार सोडून मागं बसलो. त्या आडरस्त्यावर गाडीनं एक झटका दिला नाही. पोरगी आणि बाळ दोघंही वाचली.

कारण विचाराल तर मला आजही माहीत नाही, आणि मानत तर मी अजूनही काहीच नाही. पण जाताना गावाबाहेर पडल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता शीला म्हणाली, "भाऊ, काकूकडची काच वर करा जरा. त्याईले थंडी सोसत नाही."

मी मागून वाकून काच वर केली.