दळवीसाहेबांची वेबसाइट

आमच्या साप्ताहिकात छापून आलेल्या बातम्या आठवडाभरात रद्दीत जायच्या. छापता न येणाऱ्या मात्र कुठेच जात नाहीत, त्या आमच्याच पोटात साठत राहतात. साप्ताहिकाची वेबसाइट निघाली त्या दोन-तीन वर्षांत तर इतक्या साठल्या, की जुनं कुणी भेटलं की चहा येण्याआधीच मी सुरू होतो.

ऑफिस भाईंदर पश्चिमेला, मार्केटच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर. माणसं तीन. संपादक आणि मालक दळवीसाहेब, कॉम्प्युटरवर सुनीता कांबळे आणि बातम्या गोळा करत फिरणारा मी. सुनीता मूळची परभणीची. कमी बोलायची, पण बोलली की समोरचा गप्प.

साहेबांची खरी कमाई म्हणजे गावातला त्यांचा शब्द. 'दळवींनी छापलंय' म्हटलं की वाद मिटायचा. त्यासाठी त्यांचे दोन नियम होते. निधनाची बातमी असली की त्या घराच्या पायरीपर्यंत जाऊन यायचं, त्याशिवाय छापायची नाही. आणि चूक कळली की एक मिनिटही ती तशी ठेवायची नाही. वेबसाइट काढतानाही त्यांना भीती एवढीच होती, की घाईघाईत हा शब्द जाईल.

*

वेबसाइट सुरू झाली तेव्हा मराठी फॉन्टची बोंब होती. दुबईहून एका वाचकाचा ईमेल आला, इंग्रजीत. 'अभिनंदन. पण मला सगळे चौकोन दिसताहेत.'

साहेबांना गहिवरून आलं. दुबईत आपला वाचक! त्यांनी सुनीताला बसवून फॉन्ट कुठून घ्यायचा, कसा टाकायचा, हे सविस्तर पत्र शुद्ध मराठीत सांगितलं. तिने निमूटपणे टाइप करून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्या पत्राबद्दल आभार. त्यातही चौकोनच आहेत.'

"तुला माहीत होतं ना?" साहेबांनी विचारलं.

"हो सर. पण तुम्ही छान सांगत होतात."

*

साइटवर खाली एक काउंटर होता, किती जणांनी पाहिलं ते दाखवणारा. साहेब सकाळी आल्यावर आधी तो बघायचे, मग देवाच्या फोटोला हात जोडायचे. आकडा रोज वाढायचा. त्यांनी जाहिरातदारांनाही सांगायला सुरुवात केली.

एकदा सुनीता भाच्याच्या लग्नाला चार दिवस परभणीला गेली. चारही दिवस आकडा जागचा हलला नाही. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता.

ती परत आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सुनीता, आपले वाचक आले का गं लग्नाहून?"

*

सर्वांत जास्त वाचली जाणारी बातमी म्हणजे कुठल्या भागात पाणी कधी येणार. ती आम्ही साइटवर टाकायला लागलो, आणि माझ्याच सोसायटीत अंकाचा खप पडला. कारण कळेना.

एका सकाळी जिन्यात राणेकाकू भेटल्या. गिरगावातून नुकत्याच राहायला आलेल्या. म्हणाल्या, "तुमचा पेपर बंद केला हं मी. राग मानू नका. आमच्या सेक्रेटरींचा चांगला आहे, रोज येतो आणि फुकट."

सेक्रेटरी केतनभाई. खाली जाऊन बघतो तर नोटीस बोर्डावर आमची अख्खी साइट प्रिंट काढून लावलेली, आणि वर मोठ्या अक्षरात 'केतनभाई की ओर से'.

मी त्यांना गाठलं. ते जराही वरमले नाहीत. "अरे भाई, मैं तो तुम्हारी पब्लिसिटी कर रहा हूँ. और सुनो, कल पानी का टाइम गलत डाला था. लोग मुझे गाली देते हैं."

*

एका स्थानिक पुढाऱ्याला मात्र नवं माध्यम लगेच कळलं. त्याच्या वॉर्डातल्या खड्ड्याची बातमी आम्ही फोटोसकट टाकली होती. अंक गेला रद्दीत, साइटवर खड्डा तसाच. तो वर्षभराने तणतणत आला.

"साहेब, कागदावरचं लोक विसरतात. हे तुमचं रोज उघडलं की तिथेच! काढून टाका."

"काढतो की," साहेब म्हणाले. "तुम्ही खड्डा बुजवा, मी बातमी काढतो."

बातमी पुढे बरीच वर्षं होती.

*

सगळ्यात मोठा वैताग म्हणजे केबलवाल्याचं नेट. दिवसातून दहा वेळा जायचं. साहेब आपल्या टेबलावरून हाक मारायचे, "सुनीता, नेट आहे का?" आणि नाही म्हटलं की सगळा राग केबलवाल्यावर.

ज्या दिवसाचं आता सांगतोय, त्या दिवशी मात्र नेट सकाळपासून उत्तम चालू होतं.

आदल्या दिवशी माझी चूक झाली होती. शेजारच्या मुर्धा गावाच्या नाक्यावर एक फळा आहे. गावात कुणी गेलं की त्यावर खडूने लिहितात. तिथून एका वाचकाने मोबाइलवर फळ्याचा फोटो काढून ईमेल केला. वर 'दुःखद निधन', खाली 'काशिनाथ धर्मा पाटील'. त्याखालची ओळ फळ्यापुढे लावलेल्या स्कूटरने झाकली होती. मी पायरीपर्यंत गेलो नाही. साइटवर लवकर जावी म्हणून तशीच टाकायला दिली.

झाकलेली ओळ होती, 'यांचे सासरे'.

सकाळी साहेबांना ते कळलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त लाज वाटली. नुसते म्हणाले, "वीस वर्षांत असं झालं नव्हतं." मग सुनीताकडे वळले. "काढ ती. वर माझ्या नावाने माफी टाक. आत्ता."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि साक्षात काशिनाथ धर्मा पाटील दारात उभे राहिले. मी मनाची तयारी केली. साहेबांनी उठून हात जोडले, "पाटील, मोठी चूक झाली. आत्ताच काढतोय."

"नका काढू," काशिनाथदादा म्हणाले. "त्याच्यासाठीच धावत आलोय."

ते खुर्चीत टेकले.

"माजा धाकटा भाव अहमदाबादला हाय. मिठागराच्या वाटणीवरून अकरा वर्सं बोलला न्हाय. माज्या पोरीच्या लग्नाला आला न्हाय, आई गेली तेव्हा पन न्हाय. त्याचा पोरगा हापिसात तुमची साइट बघतो. काल त्यानं वाचून बापाला सांगितलं. मगाशी पोराचा फोन आला. माजी बायको काय बोलायच्या आत, 'बाबा गाडीत बसले, लई रडतात,' एवढं सांगून ठेवला."

खाली गिरणी चालू होती.

"आता तुमी माफी टाकलीत, तर पोरगा वाचनार, बापाला मोबाइल करनार. आनि त्याला मी चांगला वळखतो, तो मधल्या स्टेशनात उतरून माघारी जाईल. सांजपर्यंत मला मेलेला राहू द्या, साहेब. एकदा तो दारात आला, की मग मी बघतो."

सुनीताचा हात माउसवर होता. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"सुनीता," ते म्हणाले, "नेट गेलंय ना आपलं?"

सुनीताने चालू पडद्याकडे पाहिलं. मग टेबलाखाली वाकून वायर ओढली.

"हो सर. आता संध्याकाळशिवाय येत नाही."