तपासणीपुरते थेंब

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, रफूचं काम करतात. कोटाला भोक पडलेलं असो की शाल खिळ्याला अडकून फाटलेली, त्याच कापडाच्या कडेचा धागा काढून अशी वीण भरतात, की मालकालाही जागा सापडत नाही. साठी उलटली तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. त्यामुळे आपल्याला काचबिंदू झालाय हे त्यांना कधी खरंच वाटलं नाही. हा आजार आधी कडेची नजर खातो, हे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचं सांगून झालं होतं. पण वन्संचं कोपर लागून चहा सांडला, तर त्यांच्या लेखी तो तिथे ठेवणारी मी वेंधळी.

रोज डोळ्यांत घालायला दिलेले थेंब घातले की तासभर धूसर दिसतं, काम खोळंबतं. म्हणून वन्सं तपासणीआधी आठच दिवस थेंब घालायच्या, एरवी बाटली कपाटात. डोळ्याचा दाब दर वेळी चोख यायचा. मला हे ठाऊक होतं. बोलले तर मला गप्प बसवायच्या.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी संगणकावर तीन वर्षांचे डोळ्याच्या आतले फोटो शेजारी शेजारी लावले. नसेच्या तोंडाशी असलेला फिकट खळगा दर वर्षी रुंदावला होता. मलासुद्धा दिसला. दाब आटोक्यात असूनही नस झिजतेय, त्या म्हणाल्या, म्हणजे थेंब पुरे पडत नाहीत. लवकर ऑपरेशन करायला हवं. त्यात धोका असतो, क्वचित आहे ती नजरही जाते.

वन्संनी संमतीच्या कागदासाठी मुकाट्याने हात पुढे केला. देवा, यांना बुद्धी दे, एवढंच मी मनात म्हटलं. पेन कागदाला टेकलं.

"वन्सं, तुम्ही सांगता का मी सांगू?"

"गप गं." पेन मात्र थांबलं. मग मान खाली घालून म्हणाल्या, "बाई, मी थेंब घालतच नाही. तुमच्याकडे यायच्या आधी आठ दिवस तेवढे घालते. पोरं परीक्षेपुरता अभ्यास करतात ना, तसं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाल्या. कागद फाडला नाही, फायलीत ठेवला. रोज दोन वेळा थेंब, चार महिन्यांनी पुन्हा फोटो. खळगा वाढला तर सही.

तेव्हापासून थेंब मी घालते. वन्संच्या शब्दावर माझा भरवसा नाही, आणि त्यांना त्याचा राग येत नाही.

आज चौथा फोटो लागला. बाई पुढे वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. वन्संनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"एवढ्यात तरी वाढलेला नाही," बाई म्हणाल्या.

वन्संनी मनगट सोडलं नाही. "पुढचा फोटो कधी?"