दोन रिंगा

मालतीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. पहिली रिंग झाली, दुसरी झाली, तरी मी उठले नाही. तिसरी वाजली तेव्हा कुठे हात पुसले. ही सवय मला माझ्या धाकट्या दिरानं, श्रीपादनं लावलेली, आणि तो गेल्याची बातमीही तिसऱ्या रिंगेनंतरच मला कळली. "झोपेतच गेले, वैनी," त्याची बायको मालती म्हणाली. रडू आलं, खोटं कशाला सांगू? पण त्याच्या आधी एक सुटकेचा सुस्कारा आला. आठच दिवसांपूर्वी जोयड्याला जाऊन मी त्याला सगळं सांगून आले होते. नसते गेले तर... पण ते क्रमानं सांगते.

श्रीपाद जोयड्याला, आमच्या तालुक्याच्या गावी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यानं स्वतःच्या खोलीत एक कॉम्प्युटर जोडला आणि त्यात एक प्रोग्राम लिहिला. तो प्रोग्राम दर दोन तासांनी तालुक्यातल्या प्रत्येक गावच्या सार्वजनिक फोनला दोन रिंगा द्यायचा आणि ठेवून द्यायचा. रिंग गेली की फोन जिवंत, नाही गेली की मेलेला. मग पडद्यावरच्या पानावर त्या गावापुढं हिरवा नाहीतर लाल ठिपका लागायचा. ते पान कुठल्या बड्या कंपनीच्या यंत्रात नव्हतं, त्याच्याच टेबलाखाली होतं. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि मोडेम असेल त्यानं श्रीपादच्या घरी फोन लावून ते बघावं, अशी सोय त्यानं केली होती. बघणारे सगळे मिळून दोघं, एक एक्स्चेंजचा साहेब आणि दुसरा बेळगावचा त्याचा मित्र. पण दिग्गीसारख्या आडगावची तार रानात तुटली की पूर्वी पंधरा-पंधरा दिवस कुणाला पत्ता नसायचा, तो आता त्याच दिवशी लागायचा. गावोगाव त्यानं सांगून ठेवलं होतं, "दोन रिंगा माझ्या. तिसरी वाजली तरच उचला."

आमच्या गावचा, नंदिगड्ड्याचा फोन आमच्याच पडवीत होता. त्यामुळे मी स्वतःला मोठी बाई समजत असे. कुणाचा फोन आला की पदर खोचून असं ओरडायची, की जणू फोन दिल्लीहून मलाच आला होता आणि मी तो मोठ्या मनानं दुसऱ्याला देत होते! पण दुपारी एकला जेवून मी आडवी झाले की ट्रिंग-ट्रिंग, आणि तीनला उठायच्या आधी पुन्हा ट्रिंग-ट्रिंग. आठवडाभर सोसलं. मग या शहाण्या बाईनं रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. तो कुईकुई करायला लागला म्हणून त्याला गोधडीत गुंडाळला, वर उशी ठेवली आणि झोपले. हे रोज चाललं. पानावर मात्र नंदिगड्डे हिरवंगार! का, तर फोन बिझी लागतोय म्हणजे कुणीतरी बोलतंय, बोलतंय म्हणजे फोन जिवंत, असं श्रीपादनं यंत्राला शिकवलं होतं.

त्यातच शेजारच्या गंगूच्या नवऱ्याचं बेळगावला ऑपरेशन झालं. तिचा भाऊ तिकडे सोबतीला होता. त्याला फोन करायला सवड मिळायची ती दुपारीच. दोन दिवस तो फोन लावत राहिला, दोन्ही दिवस बिझी. ऑपरेशन नीट झालंय, एवढंच त्याला सांगायचं होतं. इकडे गंगू दोन दिवस उंबऱ्यात बसून. मी तिला पेज नेऊन देत होते आणि वर म्हणत होते, "फोन आला की पळत येते गं." तिसऱ्या दिवशी भाऊच बसनं आला तेव्हा तिला कळलं.

गंगूनं तशीच जोयड्याची बस धरली. मीही सोबत गेले, हे विशेष. श्रीपादच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "तुझा कॉम्प्युटर म्हनतोय फोन हाय, आनि माझ्या भावाला दोन दिवस फोन लागत न्हाई! कसलं यंत्र बनवलंयस रे, शोभेचं?"

श्रीपादनं मान खाली घातली. "माझी चूक झाली, गंगूअक्का."

मी तिथंच उभी होते. तोंडात बोट नव्हतं, पान होतं. पान चघळत मी म्हणाले, "यंत्रावर इतका भरवसा ठेवू नये, भावोजी." अशी मी!

महिनाभर तो त्या प्रोग्रामला भिडला होता. फोन बिझी लागला की पुन्हा पुन्हा लावून बघायचा आणि अर्ध्या तासाहून जास्त बिझी राहिला की पिवळा ठिपका, अशी त्यानं सुधारणा केली. पिवळा लागला की तो बसच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायचा. एकदा आमच्या दारात बस थांबवून कंडक्टरनं ती सगळ्या प्रवाशांसमोर मोठ्यानं वाचली, "वैनी, रिसीव्हर बघा!" मी मांजरावर ढकललं. त्यानंतर रिसीव्हरला हात लावायची छाती झाली नाही. पुढं रिंगांनी झोपमोडही होईना. वय झालं, झोप गाढ झाली, असं मी म्हटलं.

तो जायच्या आठ दिवस आधी त्याच्या खाटेशी बसून मी हे सगळं सांगितलं. तो इतका हसला की मालती पाणी घेऊन आली.

"रोज एक ते तीन, वैनी. रविवारी बी. एवढं वेळ पाळणारं मांजर मी बघितलं न्हाई."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्हाला चार शब्द सुनावून गप्प बसलो असतो. प्रोग्राम तसाच राहिला असता. दिग्गीत बी कुणीतरी झोपत असेलच की." मग दम खाऊन म्हणाला, "मला सांगून काय उपेग? गंगूला सांगा."

त्याच्या बाराव्याला जाताना बसमध्ये मी गंगूला सांगितलं. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. इतक्या वर्षांची शेजारीण आता या वयात गमावणार, असं वाटलं. मग ती वळली.

"अक्का, त्या दोन दिवसांत मी सात देवांना नवस बोलले. त्यातले तीन अजून फेडायचे हायत. ते आता तू फेडायचे."

"फेडते," मी म्हणाले. पुढच्या वळणापर्यंत आम्ही दोघी हसत होतो. बाराव्याला निघालेल्या बायका, लोक बघत होते... बघू देत.

जेवणं झाल्यावर मालतीनं आम्हाला त्याच्या खोलीत नेलं. यंत्र केव्हाच भंगारात गेलेलं. टेबलावर एक जाड वही होती. प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल आणि त्याचं कारण त्यानं तारीख घालून लिहिलं होतं. गंगूनं चष्मा लावून आमचं गाव शोधलं. "बिझी म्हणजे जिवंत, हे मी चुकीचं धरलं. दुरुस्त केलं." माझं नाव कुठंच नाही. मी वही मिटायला लागले तर तिनं माझा हात धरला आणि खालची ओळ बोट ठेवून वाचली.

"फक्त नंदिगड्डे : दुपारी एक ते तीन रिंग देऊ नये. कारण घरगुती."