ओढ्याकडचा पाया

मी महाडला गणित शिकवते. त्रिकोणाचा धडा आला की वर्गात हटकून कोणीतरी विचारतं, "मॅडम, पाया कुठला धरायचा?" आणि मी मनाने पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीवर जाऊन पोचते.

नववीत मलाही हाच घोळ होता. त्रिकोणाला पाया, घातांकित संख्येला पाया, संख्या लिहायच्या पद्धतीलाही पायाच. एका शब्दावर किती ओझी लादायची, म्हणून मी चिडायचे. आमचे सर मोठे शांत. त्यांनी विचारलं, "तुझी आई भाताच्या पेंढ्या कशा मोजते?" विसाविसांनी, मी म्हटलं.

"मग तिचा पाया वीस. आपण दहादहाने मोजतो, आपला पाया दहा. दोनाचा घात करताना दोनालाच पुन्हा पुन्हा गुणायचं, तिथे पाया दोन. आणि त्रिकोणात ज्या बाजूपासून उंची मोजशील, ती बाजू पाया. ती तळाशीच हवी, असं कोणी सांगितलं तुला?" त्यांच्याइतकं सोपं करून मला अजून सांगता येत नाही.

त्याच शिमग्याला काका मुंबईहून वाटणीसाठी आले. भाताचं एकच खाचर, तेही तिकोनी. वरच्या अंगाला सरळ वाहणारा ओढा, आणि खाली एका कोपऱ्यात आंब्यापाशी निमुळतं झालेलं. आमच्याकडे थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. बाबांनी ओढ्याकाठची बाजू दोरीने मोजली, मधोमध दगड रोवला आणि तिथून आंब्यापर्यंत सुतळी ताणली. एक वाटा ऐसपैस दिसायला लागला, दुसरा काटकुळा.

"दादा, माझी परीक्षा घेतोस काय?" काका म्हणाले. "मोठा उचलला तर मी हावरा, बारका उचलला तर खुळा."

"दोन्ही सारखेच हायत रे."

"माझे डोळे फुटले नायत." कुठलाच वाटा न उचलता ते संध्याकाळच्या गाडीने परत जायला निघाले. बाबा दोरी गुंडाळायला लागले. या दोघांना मी कधी भांडताना पाहिलं नव्हतं.

मी काकांचा हात धरून त्यांना ओढ्याकाठी नेलं. "काका, पाया हा धरा."

काका गवंडीकाम करायचे. "पाया डोक्यावर असतो काय गो?"

मला हसू आलं, पण मी हटले नाही. मातीत काठीने खाचर काढलं. "दोन्ही वाट्यांचा पाया ओढ्यावर, अर्धा-अर्धा. दोन्हींचं टोक त्याच आंब्याशी. ओढ्यापासून आंबा जितका लांब, तितकीच दोघांची उंची. मग एक वाटा लहान कसा?"

काकांनी दोरी घेऊन दोन्ही पाये स्वतः मोजले. बराच वेळ मातीतल्या आकृतीकडे बघितलं. "पोरीचं बरोबर हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी काटकुळा वाटा उचलला. मी तर हवेतच होते.

मग काका बांधावर खाली बसले. "भांडत होतो तवर खाचर एकच होतं रे दादा. आता खरंच वाटणी झाली."

बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला म्हणाले, "जा गो, आईला सांग, आज आम्हा दोघांना एकाच ताटात वाढ."